कुलिपाआईंचे अकरा गुण

शहरातून नारीनच्या डोंगरी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलो तेव्हा मला वाटायचं, माणूस शुद्धीवर आहे की नाही हे कळायला पंधरा गुणांचं कोष्टक पुरतं. डोळ्यांचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं.

कुरणावर दूध काढताना घोडीनं कुलिपाआईंच्या डोक्यात लाथ घातली होती. पट्टीखालचा चेहरा डोंगरावर उरलेल्या बर्फासारखा. अंगाला धुराचा आणि आंबवलेल्या दुधाचा वास.

"आई, हात दाबा माझा."

असा दाबला, की माझीच बोटं तपासायची वेळ आली.

"यजमानांचं नाव काय?"

त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"सासऱ्यांचं?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बरं, गाव कुठलं?"

डोळ्यांत पाणी तरारलं, ओठ मिटलेलेच.

मी गंभीरपणे लिहिलं: बोलणं, एक. एकूण अकरा. तेराच्या खाली गेलं की रुग्ण शहरात धाडायचा, हा आमचा नियम. घाट ओलांडून सहा तास, खडखडत, मानेला पट्टा बांधून. त्या दुखऱ्या डोक्याला ही वाट सोसेल याची मला खात्री नव्हती. कोष्टकाला होती.

गाडी दाराशी लागली, नर्स बुरुलताई स्ट्रेचर घेऊन आल्या. "विचारलंत तरी काय?"

मी सांगितलं.

"अगंबाई! डॉक्टर, तुमच्या आईनं कधी सासऱ्याचं नाव घेतलं होतं?"

"आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो."

"बरोबर आहे, तिथवर रीत चढली नसेल! सून आहे ती. नवऱ्याचं नाव घेईल? आणि गावाला तर आजेसासऱ्यांचंच नाव. चाळीस वर्षं 'आमच्याकडं' म्हणून भागवलंय तिनं. परक्या पोरानं असलं विचारल्यावर लाजेनं दातखीळच बसली असेल. माहेरचं विचारा; इथं सात पिढ्या पोराटोरांनाही पाठ असतात."

माझे कान तापले. पलंगाशी वाकून मी हळूच म्हणालो, "आई, चुकलो. माहेरच्या सात पिढ्या सांगता?"

भिंतीकडचं तोंड वळलं. जात्यातून पीठ झरावं तशी नावं झरू लागली. "बाप ओसमोन, त्याचा शामेन, त्याचा कोजोमबेर्दी..." सातवं नाव घेताना तर गालावर रंगही आला. मी अकरा खोडून पंधरा केले.

"आता तुझ्या सांग," आई म्हणाल्या.

"बाप मुकाश. आजा इसाक. त्याचा बाप..."

आईंनी मला निरखून पाहिलं. मग मोजायला एक बोट दाखवलं, दोन दाखवली, माझ्या डोळ्यांपुढं हात हलवून पाहिला.

"बुरुल," त्या म्हणाल्या, "गाडी आलीच आहे तर ह्याला घाल बाई तीत. अन् मान सांभाळ."