एक चमचा पावडर

उत्कर्षनं पिशवीतून एक सोललेली कोळंबी काढली आणि काचेच्या टाकीत सोडली. पांढऱ्या वाळूवर ती वाकडी होऊन पडली. बब्रुवान वाकून बघत राहिला.

"सडंल की ही."

"सडू द्यायचीय, काका."

"पाणी घाण हुईल."

"व्हायलाच पाहिजे." उत्कर्ष सोलापूरचा. समुद्री माशांच्या टाक्या बसवणं हा त्याचा धंदा. त्यानं हात पुसले आणि समजावून सांगितलं. कोळंबी सडली की पाण्यात विष तयार होतं. ते विष खाणारे जंतू हळूहळू टाकीतल्या दगडांवर वाढतात. ते खाऊन दुसरं विष सोडतात, मग ते खाणारे दुसरे जंतू येतात. दोन्ही जातीचे जंतू पुरेसे झाले की मासे सोडायचे. त्याला दीड महिना लागणार. तोवर रोज पाणी तपासायचं आणि वाट बघायची.

"म्हंजे जंतू पाळायचे?"

"बरोबर."

बब्रुवाननं मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं. तेरच्या अलीकडच्या एका वाडीत त्यानं एकतीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं होतं. सकाळी टाकीवर चढायचं, पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर बादलीत कालवायची, ती टाकीत ओतायची आणि मग नळ सोडायचे. जंतू मारणं हेच त्याचं काम. निवृत्त झाल्यावर वाडीतल्याच हर्षालीनं त्याला धाराशिवला बोलावून घेतलं. ती दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात पेशंटना नंबरानं आत सोडायचं आणि गच्चीवरची पाण्याची टाकी बघायची, एवढं काम. लहान मुलं दवाखान्याचा जिना चढतानाच रडायला लागतात, म्हणून तिनं ही चार फुटी टाकी बसवून घेतली होती.

"काका, सांभाळाल ना?" तिनं विचारलं.

"पाण्याचंच हाय की. सांभाळतो."

पण हे पाणी त्याच्या ओळखीचं नव्हतं. पाणी आटून कमी झालं तर त्यात मीठ न घालता साधं गोडं पाणी ओतायचं, असं उत्कर्षनं सांगितलं होतं. समुद्रात गोडं पाणी कशाला? उत्कर्ष म्हणाला, पाणी उडून जातं, मीठ मागंच राहतं. हे ऐकताना कळलं, घरी जाऊन बायकोला सांगताना पुन्हा गुंतलं. तपासणीचंही तसंच. वाडीत असताना नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, की पावडर पोचली, जंतू मेले. इथंही नळीत थेंब टाकायचे आणि इथंही पिवळा रंग चांगला; पण इथं पिवळा म्हणजे जंतू जिवंत आहेत आणि त्यांनी विष खाऊन टाकलंय. रोज सकाळी तो नळी उजेडात धरायचा. रोज ती हिरवी दिसायची. तो रंगाच्या कार्डाशी ताडून बघायचा आणि चांगलं चाललंय की वाईट, हे त्याला ठरवता यायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाणी गढूळलं. दगडांवर तपकिरी शेवाळ धरलं. जवळ गेलं की वास यायचा.

"असंच असतं," उत्कर्ष फोनवर म्हणाला. "हात लावू नका."

शनिवारी ढोकीहून एक बाई चार वर्षांच्या सृष्टीला घेऊन आली. बाई आत डॉक्टरशी बोलत होती. बब्रुवान पुढच्या पेशंटचं नाव लिहीत होता. त्यानं मान वर केली तेव्हा सृष्टी खुर्चीवर उभी होती आणि तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. तो पोचेपर्यंत तिनं बोटं चाटली.

"खारट हाय," ती म्हणाली.

बब्रुवाननं तिला उचलून बेसिनकडं नेलं, तोंड धुतलं, चुळा भरायला लावल्या. पोरगी घाबरून रडायला लागली. तिची आई बाहेर आली. "काय झालं ओ?"

"कुठं काय. हात धुतले तिचे."

ती मुलीला घेऊन निघून गेली. बब्रुवान स्टुलावर बसला.

वाडीत एका उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली होती, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. एक म्हातारी आणि एक चार वर्षांची मुलगी, दोघी दगावल्या. चौकशीत गटारीजवळ पाइप फुटलेला सापडला आणि बब्रुवानला कुणी बोल लावला नाही. पण त्या आठवड्यात त्याच्या घरी लग्नाची गडबड होती, आणि एका सकाळी आपण पावडर टाकली होती की नव्हती, हे त्याला आठवेना. टाकलेली आठवायची, मग वाटायचं, ती आदल्या दिवशीची. इतकी वर्षं त्यानं ती सकाळ आठवून बघितली होती. ती एकदाही स्पष्ट दिसली नव्हती.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर तो गच्चीवर गेला. तिथल्या टाकीसाठी ठेवलेल्या डब्यातून एक चमचा पावडर घेतली, कालवली आणि खाली येऊन काचेच्या टाकीत ओतली. जरा वेळानं वास बदलला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. त्याला बरं वाटलं. मग त्यानं उत्कर्षला फोन लावला.

"एखाद्या लेकरानं हे पाणी चाटलं तर?"

"एक-दोन थेंबांनी काही होत नाही."

"आन् ह्यात पावडर टाकली तर? नळाच्या पाण्यात टाकतेत ती?"

"टाकू नका हां काका. सगळं मरेल."

"सगळं म्हंजे काय? अजून टाकीत कायबी न्हाय."

"जे दिसत नाही ना, तेच मरेल. तीन आठवडे पाण्यात जातील."

बब्रुवाननं फोन ठेवला.

रविवारी बायकोनं, सिताबाईनं विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कुठं निघालाव?" तो म्हणाला, ढोकीला. कशाला, हे त्याला नीट सांगता आलं नाही. काही होत नाही, असं उत्कर्ष म्हणाला होता. तरी त्यानं एसटी धरली. दवाखान्याच्या वहीतून उतरवून घेतलेल्या पत्त्यावर तो विचारत विचारत पोचला. सृष्टी दारात बसून चुरमुरे खात होती. तिची आई गोंधळली.

"डॉक्टरीणबाईंनी धाडलंय," तो म्हणाला. "पोरीला जुलाब, उलटी? कायतरी तरास?"

"न्हाय ओ. दात दुखतोय त्यो दुखतोयच. बसा, च्या घ्या."

तो चहा न घेता परतला. गाडीत त्याच्या मनात आलं, आता कुणाला कळायचंही कारण नाही. फोनवर आपण नुसतं विचारलं, टाकली असं म्हणालो नाही. उत्कर्ष आठवड्यानं येईल. जंतू का वाढले नाहीत ते त्याला समजणार नाही. समुद्राचं पाणी, लांबचं काम, नाही जमलं, असं म्हणून सगळे सोडून देतील.

सोमवारी हर्षाली यायच्या आधीच तो दारात उभा होता.

"टाकीत म्या पावडर टाकली," तो म्हणाला. "एक चमचा. शनवारी, अडीच वाजता. सगळं वाया गेलं."

हर्षालीनं पर्स टेबलावर ठेवली. तिच्या कपाळाला आठी पडली. "का पण, काका? उत्कर्षनं इतकं सांगितलं होतं."

त्यानं मुलीचं सांगितलं. ढोकीचंही सांगितलं. तिच्या नावावर खोटं बोललो, तेही. मग थांबला आणि ती जुनी सकाळ सांगितली. आजवर सिताबाईलाही सांगितली नव्हती.

हर्षालीनं खुर्ची ओढली आणि बसली.

"त्या साथीत मीही होते," ती म्हणाली. "दुसरीत होते. दोन दिवस सलाईन लावलं होतं."

"ठावं हाय मला."

"आणि तुम्हाला अजूनही आठवत नाही?"

"न्हाय. टाकली आसंल बी. न्हाय बी." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "ही मातर टाकली. ह्ये पक्कं ठावं हाय."

तिनं उत्कर्षला फोन लावला. सगळं पाणी काढा, तो म्हणाला, दगड धुवा, नव्यानं सुरू करू. बाहेर पेशंट यायला लागले होते.

"काका, संध्याकाळी माणूस बोलावून पाणी काढून घेऊ."

"माणूस कशाला? म्या आत्ताच काढतो. खारं पाणी हाय, झाडाला न्हाय चालायचं. नालीपत्तूर न्यावं लागंल."

बब्रुवाननं बाह्या वर केल्या. पाण्याला अजून पावडरीचा वास होता. एक बादली भरली, जिना उतरला, नालीत ओतली, वर आला. दुसरी भरली. गुडघे कुरकुरत होते, म्हणून तो कठड्याला धरून उतरत होता. आठव्या खेपेला तो वर आला तेव्हा हर्षाली टाकीपाशी उभी होती. तिनं अ‍ॅप्रन काढून खुर्चीवर टाकला होता आणि दुसरी बादली पाण्यात बुडवली होती.

"तुमी ऱ्हाऊ द्या. पेशंट हायत."

"दहा मिनिटं थांबतील."

बादली भरून तिनं उचलली. जड होती, थोडं पाणी तिच्या चपलांवर सांडलं. ती जिन्याकडं निघाली. बब्रुवाननं आपली बादली भरली आणि तिच्या मागोमाग, एकेक पायरी बघत, उतरायला लागला.