जोड कुणाचा

धातू आतून कसा तुटतो ते बघणं, हे माझं काम. काडीएवढा तुकडा यंत्रात ताणायचा, ताणतानाच गरागरा फिरवायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत क्ष-किरणांनी त्याचे शेकडो फोटो घ्यायचे. मग पडद्यावर आतली चीर वाढताना चहूबाजूंनी दिसते. घरात याला ‘पोरीचा सिनेमा’ म्हणतात.

आजचा तुकडा कारखान्यात कोसळलेल्या लोखंडी माळ्याचा होता. त्याखाली सापडून एक माणूस गेला. माळ्याला वेल्डिंगचे दोन जोड. एक बाबांचा, एक माझ्या नवऱ्याचा. ढिगाऱ्यातून काढलेला हा कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता. माझ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना नातं ठाऊक होतं, पण यंत्र चालवणारी मी एकटीच, म्हणून निकालावर सही तेवढी त्यांची. लोखंडच खराब निघू दे, असं मी मनात घोकत होते. तसं निघालं असतं तर दोघेही सुटले असते.

चौकशी अधिकारी, बाबा आणि नवरा पडद्यासमोर बसले. मी सिनेमा लावला. जोडाच्या पोटात बारीक फुगे होते. ताण वाढला तसे ते लांबले, एकमेकांत मिसळले आणि तिथूनच चीर निघाली. शेजारचं लोखंड धडधाकट होतं.

“म्हणजे जोडच कच्चा,” अधिकारी म्हणाले. “कुणाचा हा?”

मला दिसत होतं. बाबा डावखुरे. त्यांच्या जोडातले थर कुठल्या बाजूला कलतात, ते मी लहानपणापासून बघत आलेय. हे थर उलटे कललेले होते. नवऱ्यालाही कळलं असणार, शिकला तो बाबांच्याच हाताखाली. तो आपल्या बुटांकडे बघत बसला.

“माझा,” बाबा म्हणाले.

“नक्की?”

“स्वतःचा हात ओळखू येत नाही का माणसाला?”

बोल की रे, मी मनातल्या मनात नवऱ्याला म्हणत होते. शेवटी मीच बोलायला तोंड उघडलं.

“तू यंत्र बंद कर,” बाबांनी मला दटावलं. लहानपणी दटावायचे तसंच. मी यंत्र बंद केलं.

बाबांचा वेल्डिंगचा परवाना तिथेच जप्त झाला. खटला व्हायचाय.

बाहेर जिन्यावर ते कठडा धरून थांबले. “जावईबापू, वेल्डिंगचा रॉड ओला असला की जोडात फुगे येतात. कितीदा सांगितलं तुम्हाला. आता बघायला मी नसेन.”

“हो,” नवरा म्हणाला.

आत अधिकाऱ्यांसमोर गिळलेलं सगळं त्याने त्या एका शब्दात कबूल केलं, आणि ऐकायला बाबा आणि मी, दोघंच होतो.