सुधीरचं नाव

धोंडाबाई पायरीवरच उभी राहिली. तिला आत ये म्हणायला साधनाची जीभ उचलेना, आणि दार लोटून घ्यायला हात उचलेना.

धोंडाबाईचा मुलगा शैलेश अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. भरवायला जावं तर ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. सून कंटाळून माहेरी निघून गेली होती, त्याला सांभाळायला मारुंजीहून आणलेल्या बायका टिकल्या नव्हत्या. साधना तिथल्याच दवाखान्यात नर्स. असे पेशंट तिनं कितीतरी सांभाळले होते. धोंडाबाईनं हे सगळं खाली बघतच सांगितलं.

"तुज्याकडं यायची लाज वाटती गं," ती शेवटी म्हणाली. "पर दुसरं दार ऱ्हायलं न्हाई."

तीन वर्षांपूर्वी साधनाचा नवरा सुधीर शैलेशच्याच विहिरीत शॉक लागून गेला होता. कासारसाईत कुणाचीही मोटार बंद पडली की सुधीरला हाक जायची. त्या दिवशी तो विहिरीत उतरून वायर जोडत होता, आणि वर शैलेशनं फोनवर बोलता बोलता स्टार्टर दाबला. चुकलो म्हणाला असता तर साधनानं ते कसंबसं गिळलंही असतं. पण चौकशीला आलेल्यांना त्यानं सांगितलं, सुधीर पिऊन आला होता, बटण चालू ठेवून स्वतःच उतरला. जन्मात दारूला न शिवलेला माणूस गावाच्या लेखी दारुडा ठरला. त्यांची मुलगी शीतल, तिला कॉलेजात कुणीतरी तसं तोंडावर बोललंही.

तेव्हापासून रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेत, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे असं सगळे म्हणू लागले, की साधना तेवढ्यापुरती गप्प राही. शेजारी बसलेल्यांना ते कळत नसे. तिला कळे.

उद्या येते, असं तिनं धोंडाबाईला सांगितलं. शीतलनं आतून ऐकलं होतं. धोंडाबाई जाईपर्यंत ती आतच थांबली. मग म्हणाली, "पप्पांना दारुडा ठरवलं त्यानं. त्याला तू घास भरवणार?"

"मलाही नको वाटतंय," साधना म्हणाली. "पण नाही म्हटलं, तर प्रार्थनेला कशी बसू?"

दुसऱ्या दिवशी तिला बघून शैलेशनं मान भिंतीकडे फिरवली. तिनं त्याला उशांना टेकवून बसवलं, हनुवटी खाली धरली आणि दाटसर पेज थोडी थोडी भरवू लागली. चमचा जरा घाईनं आत गेला तरी याचा श्वास अडकेल, हे तिच्या मनात आलं. आलं आणि गेलं नाही. वाटी खाली ठेवून ती अंगणात गेली, तिनं तिथल्या बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. मग परत येऊन तिनं उरलेली पेज भरवली.

असे काही दिवस गेले. एका सकाळी शैलेशनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. ओठ वाकडे करून तो जोर लावू लागला. "सु… सु…"

धोंडाबाई लगबगीनं लघवीचं भांडं घेऊन आली. शैलेश मान हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

साधनाला समजलं. या माणसानं चारचौघांत सुधीरचं नाव घ्यावं, खरं काय ते सांगावं, म्हणून ती तीन वर्षं झुरली होती. आता ते अर्धंच आलं होतं, आणि पुढचं कधी येणार नव्हतं. गावात सुधीर दारुडाच राहणार होता.

"कळलं मला," ती त्याला म्हणाली. "राहू दे आता."

"काय म्हंतुया?" धोंडाबाईनं विचारलं.

"ह्यांचं नाव घेतोय."

धोंडाबाई भांड्यासकट खाली बसली. भांड्याकडे बघतच म्हणाली, "प्याला नव्हता त्यो. मला म्हाईत हुतं."

साधनानं तिच्याकडे पाहिलं. एकाला कसंबसं माफ करावं, तर आता ही दुसरी. शैलेशनं अजून मनगट सोडलं नव्हतं. तिनं त्याची बोटं हळूच सोडवली. वाटीतली पेज निवून तिच्यावर साय धरली होती. वाटी उचलून ती धोंडाबाईच्या स्वयंपाकघरात गेली, पेज पुन्हा कोमट केली, आणि येऊन त्याच्यासमोर बसली.