एकोणिसावा एक

"मोज," साईनाथ मास्तर म्हणाले.

शिडीवरच्या गजा पेंटरने भिंतीवरचे एकाचे आकडे बोटाने मोजले. "अठरा."

"मी किती दिले होते?"

"एकोनीस. पन शेठ बोलले, येक काढ."

पळसदरीच्या अलीकडच्या शाळेत गणितासाठी नवा हॉल झाला होता. खर्च पोपटशेठचा. डोंगराकडची जमीन फार्महाऊसवाल्यांना विकल्यापासून त्यांना गणिताची गोडी लागली होती, म्हणजे गाडीच्या नंबराची. दर्शनी भिंतीवर काय लिहायचं, हे नुकत्याच निवृत्त झालेल्या मास्तरांना विचारलं गेलं. त्यांनी ओळीने एकोणीस एक दिले. एवढी अवाढव्य संख्या, पण एक आणि ती स्वतः सोडून कशानेही तिला भाग जात नाही. सिद्धता पुस्तकात होती, तरी तरुणपणी मे महिन्याची एक अख्खी सुट्टी मास्तरांनी तिला भागून बघण्यात घालवली होती. तिचा ताठा त्यांना आवडला होता.

आकड्यांखाली गजाने निळ्या रंगात लिहिलं होतं : 'ही मूळ संख्या आहे. – साईनाथ ठोंबरे, गणित शिक्षक.' मास्तरांचं नाव भिंतीवर लागण्याची ही पहिलीच वेळ.

उद्घाटनाला आलेले पोपटशेठ अत्तराच्या लोटासकट पुढे आले. "अवो मास्तर, एकोनीसची बेरीज धा, धाची येक. अठराची नऊ! आपल्या दोनी गाड्यांची बेरीज नऊच हाय."

"म्हणूनच हिला नऊने भाग जातो. तीनने जातो, अकरानेही जातो. मूळ संख्या कसली, धर्मशाळा केलीत तिची."

"मंग बरंच हाय की! सगल्यांना भाग देते. तुमची ती कुनाला काय देत नाय, आमच्या थोरल्यासारखी."

मंडळी हसली. सर्वांत मोठ्याने मुख्याध्यापक हसले. ते विज्ञानाचे पदवीधर होते.

"शेठ, जागा हाय अजून," गजा वरून म्हणाला. "येक दांडी तर वढायचीय."

"नाय रं. हॉल माजा हाय."

जमलेल्यांपैकी कुणी ते एक मोजणार नव्हतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण पुढच्या वर्षी तीनची कसोटी शिकलेलं एखादं पोर मान वर करून मोजेल. आणि खाली नाव वाचेल.

"मग माझं नाव काढा."

"येवड्याशा येकासाठी? शाल-नारल आनलाय तुमच्यासाठी!"

"शाल द्या, घेईन. खोटी साक्ष देणार नाही."

शेठनी खांदे उडवले. गजाला खाली उतरवून मास्तर स्वतः शिडीवर चढले. रंग ओला होता. टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्यांनी 'साईनाथ' पुसलं, मग 'ठोंबरे', मग 'गणित शिक्षक'. गजाने शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

सत्कारासाठी त्यांना पुकारलं, तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत निळा होता. शाल पांघरताना पोपटशेठनी तो आपल्या पांढऱ्या सदऱ्याला लागू नये म्हणून अंग चोरलं.