इमारतीच्या स्वच्छतेबाबत

अवातिफबाई सकाळी दहाला कोंबडीचे पाय शिजत टाकायच्या आणि त्या वासाने त्यांच्या नवऱ्याचं, हाज लुत्फींचं, डोकं उठायचं. त्या सोमवारीही उठलं.

"उम्म तारिक, आज माणसांसाठी काही शिजणार आहे का?"

"मुलुखियाची पालेभाजी आहे. लसणाची फोडणी तेवढी राहिलीय. आणि कॉफी तुमच्या हाताशीच आहे, चष्मा लावा म्हणजे दिसेल."

हाज लुत्फी बंदरावरच्या जकात कचेरीतून निवृत्त झालेले. आता इमारतीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. पाच वेळा नमाज, शेजाऱ्याच्या दुखण्याखुपण्याला धावणं, ट्राममध्ये म्हाताऱ्यांना जागा देणं, सगळं नेमाने. मी हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत वाचक राक्षस शोधत बसतो. आमच्या अलेक्झांड्रियात राक्षस नाहीत. नेमाने वागणारी माणसं आहेत आणि मला त्यांचाच राग येतो.

अवातिफबाईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांपूर्वी त्या रस्त्यावरच्या जनावरांना सोडवणाऱ्या, बरं करणाऱ्या आणि घर मिळवून देणाऱ्या एका गटात जाऊ लागल्या. गट म्हणजे अकरा बायका आणि डॉक्टर मुशीरा नावाची एक जनावरांची डॉक्टर. या कामात पळापळ कमी आणि धीर जास्त. लाथा खाल्लेलं कुत्रं कोणाच्या हाताला येत नाही. म्हणून आधी महिना-दोन महिने त्याला खायला घालायचं, वेळ तीच, भांडं तेच, हाकही तीच. मग एक दिवस ते पाठीवर हात ठेवू देतं. त्यानंतर लस, ऑपरेशन, कानात पिवळा बिल्ला आणि घराचा शोध. माणसावर विश्वास बसवणं हेच खरं काम, बाकी सगळं डॉक्टर करते.

अवातिफबाईंची हाक शाळेतलीच होती. दुपारची अजान झाली की त्या गल्लीच्या टोकाला उभ्या राहून भांड्यावर तीनदा पळी वाजवायच्या आणि ओरडायच्या, "चला मुलींनो, चला!" मग भिंतीपलीकडून चार कुत्री यायची. त्यातले दोन चांगले दांडगे नर होते, पण तेही मुलींच्या हाकेला यायचे. सर्वांत शेवटी फुल्ला यायची, पांढरी, मागचा पाय किंचित ओढत. मायक्रोबसने तो मोडला होता. मुशीराने खिळा घालून जोडला आणि तेव्हापासून बाईंनी फुल्लासाठी घर शोधायचा ध्यास घेतला. गटाच्या निवाऱ्यात एकही जागा शिल्लक नव्हती. घर मिळेपर्यंत तिला गल्लीतच राहावं लागणार होतं.

घर शोधणं म्हणजे फोन उचलणं. फुल्लाचा फोटो पाहून फोन खूप यायचे आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"जात कोणती?"

"गावठी."

"अच्छा, अच्छा... घरात विचारून कळवतो."

कोणी कळवत नसे. आता मला सांगा, याच माणसांना अंडी कशी लागतात? गावठी. तूप? गावठी. पाव गावठी, लोणी गावठी. दुकानदाराने गावठी म्हणून दुसरंच गळ्यात मारलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. आणि ज्या कुत्रीच्या आजीपणजीने याच शहराचा उंबरा राखला, तिला गावठी म्हणताना तोंड असं करायचं, जणू काही चुकून चावलं गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम नाहिदकडे लूलू नावाची झिपरी कुत्री आहे. तिला परदेशातून आणलेलं जाकीट आहे. नाहिदबाई तिला कडेवर घेऊनच गल्लीत उतरायच्या आणि फुल्ला दिसली की म्हणायच्या, "शी! घाण!" कुत्रं अपवित्र असतं म्हणे. लूलूला तो नियम लागू नसावा, ती विमानाने आली होती.

शेवटी मार्सेलबाई आल्या. एकट्या राहणाऱ्या, पियानो शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्या फोनला त्यांनीही जात विचारली होती आणि फोन ठेवला होता. चौथ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. "ती गावठी अजून आहे का हो?" बघायला आल्या, तेव्हा फुल्लाने त्यांच्या बुटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मार्सेलबाई अर्धा तास पाय न हलवता उभ्या होत्या. गुरुवारी न्यायला येईन म्हणाल्या.

त्या सोमवारी संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. हाज लुत्फी वर आले आणि गुपचूप टीव्हीसमोर बसले.

"कशाची होती बैठक?" बाईंनी विचारलं.

"लिफ्टची."

"लिफ्टला दोन तास?"

"जुनी लिफ्ट आहे, बाई. वेळ लागतो."

आमच्याकडे इमारतीच्या कागदावर सही घराची असते आणि घराची सही पुरुषाची असते. बायकोला विचारायचा प्रश्नच येत नाही. विचारावं असं कधी बायकांनाही वाटलं नाही. बावीस घरं, बावीस सह्या. कागदाच्या माथ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: इमारतीच्या स्वच्छतेबाबत. खाली एका ओळीत ठराव होता. गल्लीत 'औषध' टाकावे. विषाला औषध म्हणायचं, म्हणजे जेवण पचतं.

बुधवारी अवातिफबाई मुशीराच्या दवाखान्यात गेल्या. फुल्लाचं लसीचं पुस्तक पुरं करायचं होतं. मुशीराने मालकाच्या ओळीत मार्सेलबाईंचं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाली, "बाई, आजपासून ती कागदोपत्री घरंदाज!" दोघी हसल्या. परतताना बाईंची ट्राम रखडली. अजान होऊन गेली होती. पोरी वाट बघत असतील, असं मनाशी म्हणत त्या गल्लीत शिरल्या.

त्यांचं भांडं रस्त्यात होतं.

भांड्याजवळ एक नर आडवा पडलेला, दुसरा भिंतीशी. काळी कुत्री जिना चढायचा प्रयत्न करताना तिथेच गेली होती. फुल्ला अजून जिवंत होती. तिचे चारही पाय ताठ झाले होते, तोंडाला फेस होता आणि आवाज ऐकला की सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जात होतं. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई ती, काय आहे आणि किती वेळ आहे हे तिला पाहताक्षणी कळलं. तरी तिने मुशीराला फोन लावला. मुशीरा निघाली, पण ती पोचण्याआधी फुल्ला संपली होती. मरतानाही तिचं शेपूट बाईंच्या हाताला लागून दोनदा हललं. हे मला लिहायला नको होतं, पण वाचणाऱ्यालाही थोडा त्रास व्हायला हवा.

दारवान बखीत दाराआड उभा होता. आस्वानकडचा माणूस, जिन्याखालच्या खोलीत बायकापोरांसह राहणारा.

"बखीत, तू टाकलंस?"

"सकाळी टाकलं, बाई. देवाशपथ सांगतो, एकाने तोंड लावलं नाही. वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली." त्याने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. "मग हाजसाहेब खाली आले. तुमचं भांडं घेऊन आले. पळी वाजवली. तुमच्यासारखीच हाक मारली त्यांनी."

"काय म्हणाले?"

"चला मुलींनो, चला."

बाई पाचव्या मजल्यावर जिन्याने गेल्या. हाज लुत्फी जेवत होते.

"भांडं धुवायला सांगितलं होतं मी बखीतला," बाईंच्या अंगावरचा फेस पाहून ते म्हणाले. "विसरला वाटतं."

"माझं भांडं का?"

"दुसऱ्या कशाला ती येतच नव्हती! मी काय हौसेने गेलो? बावीस घरांनी ठरवलं. अध्यक्षाच्याच घरातून अडलं असतं तर काय तोंड राहिलं असतं माझं? तुला आजवर कधी बंदी केली मी? सांग, केली?"

"उद्या तिला घर मिळणार होतं."

"मग सांगायचं ना आधी!"

"रविवारी सांगितलं. सोमवारी सांगितलं. काल याच टेबलाशी सांगितलं, तेव्हा तू मीठ मागत होतास."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात अवातिफबाईंनी नवऱ्याला प्रथमच 'तू' म्हटलं. हाज लुत्फींच्या हातातला घास तिथेच राहिला.

"शुक्रवारी मशिदीत तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट ऐकून येतोस आणि घरी येऊन मला कौतुकाने सांगतोस," बाई म्हणाल्या. "कोणासाठी ऐकतोस रे ती?"

तेवढ्यात बेल वाजली. मादाम नाहिद होत्या, हातात बसबूसाची बशी. "हाजसाहेब, तोंड गोड करा! आता आमची लूलू खाली सुटी फिरेल." मग बाईंकडे लक्ष गेलं. "अगं बाई, काय झालं ग तुला?"

"त्या कागदावर तुझी सही आहे, नाहिद?"

"आमच्या ह्यांची आहे. मी कुठे सह्या करते बाई!"

हे वाक्य नाहिदबाई किती निर्धास्त बोलल्या! बावीस घरांत बावीस बायका होत्या आणि सगळ्यांचे हात स्वच्छ होते. सही नवऱ्याची, टाकणारा हात दारवानाचा. अशीच माणसं रात्री गाढ झोपतात. अवातिफबाईंना इतकी वर्षं अशीच झोप लागत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी मार्सेलबाईंना फोन केला. झालेलं सांगितलं. मग मार्सेलबाई म्हणाल्या, "मी आजच बाल्कनीला जाळी लावून घेतली हो. ती पडू नये म्हणून." आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी बाईंनी नवऱ्याच्या कपाटातली मंडळाची फाईल उघडली आणि कागद काढून घेतला. हाज लुत्फी दारात आडवे आले.

"पोलिसात? डोकं फिरलंय का तुझं? लोक काय म्हणतील? आपल्या तारिकच्या सासरचे काय म्हणतील?"

"बाजूला हो, लुत्फी."

खाली बखीत भेटला. साक्ष देशील का, असं बाईंनी विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, खोली जाईल माझी." बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्याचं खरं होतं. त्या एकट्याच गेल्या.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता, त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याने नीट ऐकून घेतलं आणि कंटाळून विचारलं, "मावशी, कुत्र्यांची जात कोणती?"

"गावठी."

"मग कसली तक्रार? मालक असेल तर नुकसान. मालकच नाही, तर नुकसान कोणाचं?"

बाईंनी लसीचं पुस्तक त्याच्यापुढे उघडलं. "एकीला मालक होता. नाव वाच. शिक्का वाच. तारीख कालची आहे. जनावराला विष घालणं गुन्हा आहे. कलम पाठ करून आलेय, म्हणून दाखवू?"

"आरोपी माहीत आहे?"

"बावीस."

"बावीस?" तो हसला. "फॉर्मवर एकच ओळ आहे, मावशी."

"कागद जोड." त्यांनी सह्यांचा कागद टेबलावर ठेवला. "क्रम असाच ठेवायचा. आणि शेवटी त्यांच्या बायकांचीही नावं लिहायची, ज्यांना कोणी विचारलं नाही आणि ज्यांनी विचारलं नाही. त्यातलं पहिलं माझं."

"तसं लिहिता येत नाही, मावशी."

"मग जेवढं येतं तेवढं तरी लिही."

त्याने सुस्कारा टाकला, कोरा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. पहिली सही वाचायला त्याला जरा वेळ लागला.

"लुत्फी अब्दुल-मुइझ. पाचवा मजला. हे कोण तुमचे?"

"नवरा," अवातिफबाई म्हणाल्या. "लिही."