न सरणारे चाळीस

माझे सासरे गव्हाच्या वायद्यात सौदे करतात आणि आयुष्यात त्यांनी गव्हाचं शेत जवळून पाहिलेलं नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगते. ते हसतात.

नजरेच्या मधोमध काळा डाग पसरला आणि त्यांना पडद्यावरचे आकडे दिसेनासे झाले. तेव्हापासून मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवायला लागले. पण सौद्यांच्या खोलीच्या मालकीणबाई एक दिवस स्पष्टच म्हणाल्या, "काका, नुसतं वाचून भागत नाही. सुनेला शिडी कळते का, हे मी आज मागे उभी राहून बघणार. नाही कळली तर उद्यापासून खुर्ची दुसऱ्याला."

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, बसू दे बाबांना घरी." त्याला काय जातंय बोलायला! घरी बसलेले बाबा मी पाहिले होते. खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि पुढ्यातला चहा गार व्हायचा.

शिडी म्हणजे पडद्यावर एकाखाली एक रचलेले भाव. प्रत्येक पायरीच्या डावीकडे त्या भावाला घ्यायला थांबलेल्यांचा आकडा, उजवीकडे विकायला थांबलेल्यांचा. आकडे लॉटमध्ये, म्हणजे मालाच्या ठरावीक मापात; सौदा झाला की आकडा तेवढा घटतो.

सकाळीच मी ओरडले, "बाबा, वरती आठशे लॉट विकायला उभे आहेत! मोठा कुणीतरी विकतोय."

"ज्याला खरंच विकायचंय तो एवढा गाजावाजा करेल? भाव जवळ जाऊ दे."

भाव दोन पायऱ्या वर गेला आणि एकही सौदा न होता आठशेच्या आठशे गायब. मी तोंडात बोट घातलं.

"घाबरवायला उभे केले होते," बाबा म्हणाले. "उभं कोण आहे ते सगळेच बघतात. तू घेतंय कोण ते बघ."

मागे मालकीणबाईंनी घसा खाकरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नजर पडद्यावरून हलवली नाही.

दुपारी बातमी आली की पीक भरघोस येणार. सगळी खोली विकत सुटली. आम्ही आधीच विकून बसलो होतो, नंतर स्वस्तात परत घ्यायचं म्हणून; त्यामुळे भाव पडेल तितका आमचा फायदा. मी खुशीत वाचत होते.

"सहाशे दहाला घेणारे चाळीस. दोनशे विकले गेले, बाबा. घेणारे... चाळीस. आणखी तीनशे विकले गेले. घेणारे..."

मी पडद्याजवळ वाकले. माठातून तांब्यामागून तांब्या उपसावा आणि पाणी बोटभरही खाली जाऊ नये, तसं चाललं होतं. सगळं जग विकत होतं आणि तिकडे कुणीतरी एक शब्द न बोलता सगळं घेत होतं. दाखवत होतं फक्त चाळीस. पिठाची गिरणी असेल? की अख्खा एखादा देश, हिवाळ्याची बेगमी करणारा? एवढी ताकद आणि एवढा संयम मी जन्मात पाहिला नव्हता.

"का थांबली ही?" मालकीणबाई म्हणाल्या.

बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "सूनबाई, दिसलं?"

"ते चाळीस संपतच नाहीत, बाबा."

"मग काय करायचं?"

"विकलंय ते सगळं परत घेऊ. आत्ताच."

"अहो, बातमी मंदीची आहे!" मालकीणबाई म्हणाल्या.

"घे," बाबा मला म्हणाले.

मी बटण दाबलं. विकणारे विकत राहिले, चाळीस हलले नाहीत. मग विकणारेच संपले. शिडी क्षणभर थबकली आणि भाव वर निघाला, आधी एकेक पायरी, मग उड्या मारत. खोलीभर शिव्या आणि खुर्च्यांची खडखड सुरू झाली.

मालकीणबाईंनी पुढे वाकून पडद्यावरचा भाव पाहिला. मग म्हणाल्या, "उद्या दोघं वेळेवर या."

मला वाटलं, बाबा आता जिंकल्यासारखे हसतील. पण त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "कसं दिसत होतं गं ते?"

"तुम्ही तर शंभरदा पाहिलंय, बाबा."

"पाहिलंय. म्हणून तर विचारतोय."

मी स्टूल जवळ ओढलं.

"सहाशे दहाला चाळीस उभे होते," मी सुरुवात केली, आणि बाबांनी नीट दिसावं म्हणून डोळे मिटले.