सोडलेलं मीठ

“मले येड नाई लागलं,” माणिकबाई दाराबाहेरच थबकल्या. “त्या खोलीत मी कायले जाऊ?”

“आई, डॉक्टरनंच पाठवलं ना. नुसतं बोलाचं हाय,” सून प्रतीक्षा म्हणाली.

“बोलाचं हाय त घरी बोलतो. इतक्या दूर एसटीनं येऊन कोनी बोलाले येते का?”

प्रतीक्षाला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. मामंजी शालिकराम गेल्यापासून अकरा महिन्यांत सासूबाई घरी कामापुरतंच बोलत होत्या.

परतवाड्याच्या रस्त्यावर त्यांचा दीड एकराचा फुलमळा. गेल्या आठवड्यात शेवंती तोडता तोडता माणिकबाई वाफ्यातच कोसळल्या. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि विचारलं, “यांच्या रक्तातलं मीठ इतकं कसं उतरलं? जेवणात घेत नाहीत का?” प्रतीक्षा म्हणाली, घेतात की. माणिकबाईंनी मात्र मान खाली घातली.

मग प्रतीक्षाने घरी लक्ष ठेवलं. मुलगा मनोज आणि ती पहाटेच फुलं घेऊन अमरावतीच्या राजापेठेत विकायला जात, मागे स्वयंपाक सासूबाईच करत. भाजीत मीठ पडायच्या आधी त्या आपली वाटी काढून बाजूला ठेवत. कणीकही वेगळी मळत. “काहून?” म्हणून विचारलं तर “मन नाई होत” एवढंच उत्तर. ते ऐकून डॉक्टरांनी दवाखान्याच्याच समुपदेशन खोलीकडे बोट दाखवलं.

खोलीत गीतांजली नावाची, तिशीची, अकोल्याकडची मुलगी होती. पहिल्या दिवशी माणिकबाई अर्धा तास गप्प बसल्या. बोटं तेवढी पदराच्या काठावर हार गुंफल्यासारखी चालत होती. गीतांजलीने काही खोदून विचारलं नाही. उठताना फक्त म्हणाली, “पुढच्या गुरुवारी याल, मावशी?”

“गुरुवारी उपास असते माहा.”

“मग तर बरंच. माझ्याकडे खायला काहीच नसतं.”

माणिकबाईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या. प्रतीक्षाला बाहेर बसायला सांगून त्यांनी स्वतःच दार लोटून घेतलं.

“नवस सांगाचा नसते, बाई. सांगला त त्याचं बळ जाते. पन आता कोनतं बळ राह्यलं? सांगतो तुले.”

गीतांजलीने हातातला पेन खाली ठेवला.

“हे दवाखान्यात भरती झाले ना, तवा मी अंबादेवीपुढं उभी राह्यली. म्हटलं, माय, हे आपल्या पायानं घरी येत नाईत तवरिक मी मीठ सोडलं. कोनाले नाई सांगतलं. त्यायलेबी नाई. सतरा दिवस अळनी खाल्लं. तब्येतीले उतारबी पडला होता.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. “अन् मंग मीच मोडला व नवस. दवाखान्यात त्यायच्यासाठी मुगाची खिचडी नेली. दोन दिवसापासून पोटात काई नव्हतं त्यायच्या. म्हने, पह्यले तू खाय. म्हटलं, मी खाऊन आली. म्हने, खोटं बोलून राह्यली, त्वांड पाह्य कसं सुकलं तुहं. घास केला अन् धरला माह्या तोंडापुढं. सांगू कसं, का त्याच्यात मीठ हाय? खाल्ला मी. अन् तिसऱ्या दिवशी...”

त्यांनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला.

“माह्याच्यानं गेले ते, बाई. एका घासानं. तवापासून मीठ तोंडात नाई घातलं.”

माणिकबाई वाट पाहत होत्या, ही शिकलेली पोरगी आता म्हणेल की असं काही नसतं, देव असा कोपत नाही. किंवा आजाराचं मोठं नाव सांगेल. गीतांजली तसलं काही बोलली नाही.

“देवीचं मी काय सांगणार, मावशी? ते तुमचं आणि तिचं. मला त्या दिवसाचं पुढचं सांगा. तुम्ही घास खाल्ला. मग?”

“मंग काय?”

“मग त्यांनी काय केलं?”

अकरा महिने माणिकबाई रोज त्याच घासापाशी जाऊन अडत होत्या. त्याच्या पुढे कधी गेल्याच नव्हत्या.

“मंग...” त्या आठवत आठवत बोलू लागल्या. “मंग त्यायनं खाल्ली. सारी खाल्ली. एक घास मले, एक त्यायले. म्हने, आज ब्येस झाली व.” त्यांनी पदर तोंडाशी नेला. “हासलेबी. म्हने, लग्नात घास भरवला तवा तू त्वांडच नव्हतं उघडलं... माय व! हे त मी इसरूनच गेलती.”

त्या रडल्या. शालिकराम गेल्यावर घर माणसांनी भरलं होतं, तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. गीतांजलीने खुर्ची जवळ ओढली आणि नुसती बसून राहिली.

निघताना माणिकबाईंनी विचारलं, “नवसाचं उद्यापन जोड्यानं करा लागते. मी एकटी. कसं करू?”

“मला माहीत नाही, मावशी. तुम्हाला काय वाटतं?”

परतीच्या वाटेत माणिकबाईंनी प्रतीक्षाला अंबादेवीच्या देवळाकडे वळवलं. त्या दिवशी ना ओटी, ना नारळ. गाभाऱ्यासमोर त्या बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते. काय बोलल्या ते प्रतीक्षाला ऐकू आलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाक प्रतीक्षाने केला. ताटं वाढताना तिने सासूबाईंसाठी बाजूला काढलेली अळणी वांग्याची वाटी उचलली.

“राहू दे ते,” माणिकबाई म्हणाल्या. “तुमच्यातलीच वाढ.”

मनोजचा हात ताटातच थांबला. प्रतीक्षाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि पातेल्यातली भाजी वाढली. माणिकबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. जीभ चरचरली असावी. डोळे मिटून त्या क्षणभर थांबल्या.

“खारट झाली का, आई?”

“नाई. बराबर हाय.”

त्या सावकाश जेवल्या. मनोज हात धुऊन मळ्यात गेला. प्रतीक्षाने पातेली उचलली, चूल सारवली, उष्टी भांडी अंगणात नेऊन ठेवली. ती परत आली तेव्हाही माणिकबाई रिकाम्या ताटापुढे तशाच बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर उघडा ठेवलेला, बोटांना लागलेलं अन्न पार वाळून गेलेलं. तिने पाण्याचा तांब्या आवाज न करता त्यांच्याजवळ ठेवला आणि ती बाहेर जाऊन बसली.